दगडालाही ताण येतो!

'ताण' म्हटलं की आपल्या कॉलेजमध्ये प्रत्येकाला वेगळं काहीतरी आठवतं. कुणाला सबमिशनची लाइन, कुणाला व्हायवाचे एक्स्टर्नल, कुणाला मागच्या सेमची राहिलेली केटी. मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांना मात्र आणखी एक ताण माहीत असतो: बल भागिले क्षेत्रफळ. मला आज या दुसऱ्या ताणाबद्दल लिहायचं आहे. पण मित्रांनो, "हा आपला विषय नाही" असं म्हणून इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटरवाल्यांनी पान उलटू नये, कारण माझी तक्रार नेमकी त्याच वाक्याबद्दल आहे.

आपल्याकडे विषयांच्या वाटण्या झालेल्या आहेत. ताण मेकॅनिकल आणि सिव्हिलकडे, चुंबक इलेक्ट्रिकलकडे, मोजमाप ईएनटीसीकडे आणि मॉडेलिंग कॉम्प्युटरकडे. एखादी गोष्ट या चौघांच्या मधल्या भिंतीवर बसली, की ती कुणाच्याच सिलॅबसमध्ये येत नाही. ताणामुळे पदार्थाचं चुंबकत्व बदलतं, ही अशीच भिंतीवर बसलेली गोष्ट. माझं म्हणणं असं की आपण ती उचलावी, आणि उचलायला कसारा घाटाच्या पलीकडे, मोखाडा तालुक्यातल्या खोडाळ्याला जावं. का, ते सांगते.

आधी लोखंड. १८४२ साली जेम्स ज्यूलने (तोच आपला उष्णतेवाला ज्यूल) दाखवलं की लोखंडाच्या कांबीला चुंबक केलं की तिची लांबी किंचित बदलते. ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो ना, त्यामागे बऱ्याच अंशी हेच कारण. प्रत्येक सायकलमध्ये पत्रे दोनदा लांबतात आणि आखडतात, म्हणून ५० हर्ट्झच्या लाइनवर आवाज १०० हर्ट्झचा येतो. १८६५ मध्ये एमिलिओ विलारी या इटालियन शास्त्रज्ञाने याची उलटी बाजू दाखवली. कांब ताणली किंवा दाबली, की तिचं चुंबकत्व बदलतं. गंमत अशी की लोहारांना हे त्याआधी अडीचशे वर्षं अनुभवाने माहीत होतं. विल्यम गिल्बर्टच्या १६०० सालच्या पुस्तकात एक चित्र आहे. त्यात लोहार तापलेलं लोखंड उत्तर-दक्षिण धरून ठोकतोय, आणि ठोकता ठोकता ते चुंबक होतंय.

आपल्या स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या लॅबमध्ये यूटीएमवर आपण माइल्ड स्टीलचा रॉड तुटेपर्यंत ताणतो. रॉड तुटला की आपण टाळ्या वाजवतो, रीडिंग लिहितो आणि कँटीनला पळतो. पुढच्या वेळी तुटलेल्या टोकाजवळ लोखंडाचा कीस धरून बघा. पुष्कळदा तो चिकटतो. रॉडला कुणी चुंबक लावलेलं नसतं. लावलेला असतो फक्त ताण. बाकीचं काम पृथ्वीच्या स्वतःच्या चुंबकीय क्षेत्राने केलेलं असतं.

हे होतं कसं? लोखंडाच्या आत लहान लहान वॉर्ड असतात, त्यांना डोमेन म्हणतात. प्रत्येक वॉर्डचं चुंबकत्व आपापल्या दिशेला. ताण आला की काही दिशा पदार्थाला सोयीच्या होतात आणि काही गैरसोयीच्या, मग वॉर्डांच्या सीमा सरकायला लागतात. वाटेत अशुद्धीचे कण आणि स्फटिकातले दोष असतात, तिथे त्या अडकतात. जरा धक्का बसला की सुटतात, पुढे जाऊन पुन्हा अडकतात. ताण काढून घेतला तरी सगळ्या सीमा जुन्या जागी परत येत नाहीत. म्हणजे पदार्थाला काय सोसलं ते लक्षात राहतं.

आणि आपल्या पुस्तकात? प्रत्येक पदार्थाचा बी-एचचा एकच लूप छापलेला. पदार्थ ताणलेला आहे, दाबलेला आहे, की ठोकून वाकडा केलेला आहे, याचा पत्ता नाही. ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात मात्र याची चांगलीच जाणीव असते. कोअरचे पत्रे आपटायचे नाहीत, वाकवायचे नाहीत, आणि कापताना आलेला ताण घालवायला पुन्हा भट्टीत तापवून घेतात. नाहीतर लॉसेस वाढतात आणि आवाजही वाढतो.

याचं गणित मांडणाऱ्या मॉडेलपैकी सर्वांत जास्त वापरलं जाणारं मॉडेल डेव्हिड जाइल्स आणि डेव्हिड ॲथर्टन या दोघांचं. त्यांचा १९८४ चा पेपर मुळात याच विषयावर होता. कल्पना अगदी सोपी आहे: ताण हे एक जादा चुंबकीय क्षेत्र समजा. बाहेरून लावलेल्या क्षेत्रात ते मिळवा आणि नेहमीसारखं गणित करा. हे जादा क्षेत्र दोन गोष्टींवर अवलंबून असतं: ताण किती, आणि चुंबकत्व बदलताना पदार्थाची लांबी किती वेगाने बदलते. १९९५ मध्ये जाइल्सने त्यात आणखी एक नियम घातला. ताण बदलत राहिला की पदार्थ हळूहळू अशा स्थितीकडे जातो, जिथे अडकलेल्या सगळ्या सीमा मोकळ्या झालेल्या असतील. लोहाराच्या हातोड्याचं कोडं या एका वाक्यात सुटतं. थिअरी एवढीच.

आता खोडाळा. पहिल्या वर्षाला एनएसएसचा कॅम्प तिथे होता. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. भूगोलात 'डेक्कन ट्रॅप'ची व्याख्या घोकलेली होती, पण तो पायाखाली असतो हे तिथे गेल्यावर कळलं. जिकडे बघावं तिकडे काळा दगड, पायऱ्या पायऱ्यांचे डोंगर आणि डोंगरांमध्ये अडवलेलं पाणी. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे छोटे छोटे धक्के सुरू झाले होते, आणि १ फेब्रुवारी २०१९ ला त्यातला एक ४ रिश्टरच्या वर गेला होता. तो भाग खोडाळ्यापासून लांब आहे, पण त्या गोष्टी अजून निघत होत्या. कॅम्पमध्ये जिच्या अंगणात आम्ही जेवायला बसायचो त्या आजीने एकदा सरळ विचारलं, "पोरांनो, येवढं पाणी डोंगरात कोंडलंय, खालचा दगड गप राहील का?"

मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. मी त्याचे दोन भाग करते. दगड हलेल का, हा एक. आणि दगडात काही बदललं तर ते आपल्याला वरून कळेल का, हा दुसरा. दुसरा भाग आपल्या आवाक्यातला आहे.

तिथला दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. सह्याद्रीतल्या लाव्ह्याच्या थरांना भूशास्त्रज्ञांनी गावांची नावं दिली आहेत, आणि त्यात अगदी तळाच्या थरांपैकी एकाचं नाव चक्क 'जव्हार' आहे. या बेसॉल्टमध्ये टायटॅनियम मिसळलेल्या मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. लाव्हा थंड होताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा या कणांनी धरून ठेवली. १९५० च्या दशकात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या मंडळींनी हे दगड मोजले. १९५९ मध्ये डॉइच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांचा दख्खनच्या दगडांच्या चुंबकत्वावरचा पेपर आला. यातले शेवटचे दोघे आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले. या मोजमापांतून दिसलं की लाव्हा वाहिला तेव्हा हा प्रदेश विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. भारत सरकत सरकत उत्तरेला आला, याचा पुरावा आपल्या घाटातल्या दगडांनी दिला!

म्हणजे खोडाळ्याचा डोंगर हा एक अवाढव्य, दुबळा चुंबक आहे. आणि त्याच्यावर ताण देणारं यंत्रही तिथेच आहे. वैतरणा नदीवर एकामागोमाग तीन धरणं आहेत: वर अप्पर वैतरणा, खाली १९५७ चं मोडकसागर, आणि मध्ये २०१४ मध्ये पूर्ण झालेलं मध्य वैतरणा, जे मोखाडा तालुक्यातच कोचाळ्याजवळ आहे. त्याची भिंत १०२ मीटर उंच. भरलं की त्यात सुमारे १९ हजार ३५३ कोटी लिटर पाणी मावतं, म्हणजे साधारण १९ कोटी टन वजन. दर पावसाळ्यात हे वजन दगडावर चढतं आणि उन्हाळ्यापर्यंत मुंबईच्या नळांतून उतरतं. लोडिंग आणि अनलोडिंग, दरवर्षी, न चुकता. आपल्या लॅबमधल्या यूटीएमचीच ही डोंगराएवढी आवृत्ती आहे, आणि तिला ऑपरेटर लागत नाही.

आता पाठीमागच्या पानावर करण्याइतकं सोपं गणित करू. भिंतीजवळ पाणी ८० मीटर खोल धरलं, तर तळावर दाब सुमारे ०.८ मेगापास्कल. १९५२ मध्ये रशियात कालाश्निकोव आणि कपित्सा यांनी, आणि त्यांच्यानंतर बऱ्याच जणांनी, असे दगड दाबून पाहिले आहेत. दर मेगापास्कलला चुंबकत्व साधारण हजारात एक-दोन भागांनी बदलतं. दाबाच्या दिशेने कमी होतं, आडव्या दिशेने वाढतं. आपल्या बेसॉल्टचं चुंबकत्व ३ अँपिअर प्रति मीटर धरू. तर बदल झाला ०.००५ अँपिअर प्रति मीटरच्या आसपास. चुंबकीय क्षेत्राच्या भाषेत ही कमाल मर्यादा सुमारे ६ नॅनोटेस्ला येते. प्रत्यक्षात ताण खोल जाता जाता पसरतो, काही भाग एकमेकांना खोडतो, आणि दाब सगळ्या बाजूंनी सारखा आला तर परिणाम फारच कमी होतो. तेव्हा एक-दोन नॅनोटेस्ला हाती लागले तरी नशीब म्हणायचं.

तिथे पृथ्वीचं एकूण क्षेत्र आहे सुमारे ४३ हजार नॅनोटेस्ला. म्हणजे वीस-चाळीस हजारात एक भाग शोधायचा! अशक्य वाटतं, पण नाही. ऑस्ट्रेलियात स्नोई माउंटन्सच्या भागातलं टॅलबिंगो धरण भरत असताना डेव्हिस आणि स्टेसी यांनी हेच मोजलं. पाणी चढताना तिथल्या क्षेत्रात काही नॅनोटेस्लाचा बदल त्यांना दिसला, आणि १९७२ मध्ये तो 'नेचर'मध्ये छापून आला. पन्नास वर्षांहून जुनी गोष्ट आहे ही. आपल्याकडे दगड त्याच गुणाचा, धरणं तीन, आणि पाऊस त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त.

अडचणी आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. सर्वांत मोठी अडचण आकाशातून येते. सूर्यामुळे पृथ्वीचं क्षेत्र रोज दिवसभरात काही दशक नॅनोटेस्लांनी खालीवर होतं, आणि चुंबकीय वादळ आलं तर शेकड्यांनी. सप्टेंबर १८५९ च्या प्रसिद्ध वादळात कुलाब्याच्या वेधशाळेत क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी पडल्याची नोंद आहे. याला उपाय एकच, दोन ठिकाणी एकाच वेळी मोजायचं आणि वजाबाकी करायची. एक यंत्र पाण्याजवळ, दुसरं काही किलोमीटर लांब सूर्यमाळच्या बाजूला. आकाशातला बदल दोन्हीकडे जवळपास सारखा असतो, तो वजाबाकीत जातो. मोठ्या चढउतारांचा ताळा करायला अलिबागची वेधशाळा आहेच.

अलिबागची गोष्ट या निमित्ताने सांगायलाच हवी. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी घेतल्या जात होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे कळल्यावर तिचे संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय मोजमापं अलिबागला हलवली. १९०४ मध्ये तिथे काम सुरू झालं, आणि १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, म्हणजे जुनी आणि नवी मालिका नीट जोडता यावी. ट्राम धावली १९०७ मध्ये. अलिबागच्या इमारतीला स्थानिक काळा दगड वापरला नाही, पोरबंदरचा दगड आणला, कारण आपला दगड स्वतःच चुंबक! शंभर वर्षांपूर्वीची माणसं एवढी काळजी घेत होती. आणि आपण प्रॅक्टिकलचं रीडिंग शेजाऱ्याच्या जर्नलमधून घेतो. असो.

आता यंत्र. फोनमधला मॅग्नेटोमीटर इथे चालणार नाही, त्याची चूकच आपल्या उत्तरापेक्षा कितीतरी मोठी. पण प्रोटॉन मॅग्नेटोमीटर आपल्याला बनवता येतो. बाटलीभर पाणी, भोवती तांब्याच्या तारेची कॉइल. थोडा वेळ करंट सोडायचा, बंद करायचा, आणि पाण्यातले प्रोटॉन जी शिट्टी वाजवतात ती ऐकायची. ४३ हजार नॅनोटेस्लाला तिची फ्रिक्वेन्सी येते साधारण १८३० हर्ट्झ, म्हणजे कानाला ऐकू येईल अशी. एक नॅनोटेस्ला म्हणजे त्यात ०.०४ हर्ट्झचा फरक. चांगला ॲम्प्लिफायर आणि काळजीपूर्वक मोजणी, हे ईएनटीसीचं काम. पाण्याखाली ताण कसा पसरतो हे सिव्हिलवाल्यांना सॉइल मेकॅनिक्समधल्या बुसिनेस्कच्या सूत्रातून काढता येतं. ताणावरून चुंबकत्व, ते इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकलने मिळून काढायचं. आणि डोंगराचे हजारो तुकडे करून प्रत्येकाचा परिणाम बेरजेला लावायचा, तो कॉम्प्युटरचा प्रोग्राम. चारही ब्रँच लागतात, एकीलाही सुट्टी नाही.

आता मला जे खरं म्हणायचं आहे ते. आपल्या फायनल इयरच्या प्रोजेक्टचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. दुकानात रेडीमेड मिळतो, सोबत रिपोर्ट आणि व्हायवाचे प्रश्नही. काळ्या बाइंडिंगवर सोनेरी अक्षरं, आत दुसऱ्या देशातला डेटा. ज्यांचा प्रोजेक्ट खरा असतो त्यांचंही मॉडेल पुष्कळदा सॉफ्टवेअरच्या आतच जन्मतं आणि आतच मरतं. स्क्रीनवर रंगीत चित्र आलं की आपण खूश. पण मॉडेल म्हणजे रंगीत चित्र नव्हे. मॉडेलने आधी एक आकडा सांगायचा, आपण जाऊन मोजायचं, आणि आकडा चुकला तर मॉडेलने मान खाली घालायची. खोडाळ्याला जाऊन एक-दोन नॅनोटेस्ला शोधणं म्हणजे मॉडेलला अशा परीक्षेला बसवणं. मोजल्यावर काहीच सापडलं नाही, तरी तो निकालच आहे. मग आपण म्हणू शकू की बदल अमुक आकड्यापेक्षा कमी आहे.

आणि याला घाईचं एक कारण आहे. दगडाला आठवण असते हे वर सांगितलं. त्यामुळे धरण पहिल्यांदा भरतं तेव्हाचा बदल आणि दहाव्यांदा भरतं तेव्हाचा बदल सारखा असेलच असं नाही. मध्य वैतरणा पहिल्यांदा भरलं तेव्हाची संधी गेली. मुंबईच्या पाण्यासाठी याच पट्ट्यात गारगाई आणि पिंजाळ ही धरणं बरीच वर्षं प्रस्तावाच्या यादीत आहेत. ती व्हावीत की नाही, हा प्रश्न आधी तिथल्या लोकांचा आहे. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकर येतात, हे बघितल्यावर त्यांच्या वतीने आपण मत देऊ नये. पण झालीच, तर पाणी चढण्याच्या आधीची मोजमापं कुणाच्या तरी वहीत असायला हवीत. पाणी चढल्यावर ती घेता येत नाहीत.

आणखी एक, आणि हे फार महत्त्वाचं. या मोजमापातून भूकंपाचं भाकीत होत नाही. नुसतं "दगडाचं चुंबकत्व बदललं" एवढं छापून आलं, तरी गावात रात्री कुणी घरात झोपणार नाही. कॅलिफोर्नियात १७ ऑक्टोबर १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपाआधी चुंबकीय खूण दिसली असं जगभर गाजलं होतं. २००९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच डेटा तपासला तेव्हा ती खूण बहुधा यंत्रातल्या बिघाडाची निघाली. धरणाच्या पाण्याने भूकंप येऊ शकतात हे मात्र खरं आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप त्याचं जगातलं मोठं उदाहरण मानतात. म्हणूनच तिथे कऱ्हाडजवळ संशोधन केंद्र उभारून २०१७ पर्यंत तीन किलोमीटर खोल भोक पाडलं गेलं. पण प्रत्येक धरणाची कोयना होत नाही. आजींच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर असं की, "दगड कधी हलेल हे आम्ही सांगू शकत नाही. कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण पाण्याचं वजन त्याला जाणवतं का, ते आम्ही मोजून सांगू." एवढं सांगता येणंही थोडं नाही. अफवेला मोजलेल्या आकड्याइतकं चांगलं उत्तर दुसरं नसतं.

म्हणून माझी सूचना. येत्या एप्रिल-मेमध्ये, पाणी सर्वांत खाली असताना, प्रत्येक ब्रँचमधून दोन-दोन जणांनी खोडाळ्याला जावं. धरणाच्या परिसरात शिरायला रीतसर परवानगी काढावी, मोजण्याच्या जागा ठरवाव्यात आणि खडकावर रंगाने खुणा कराव्यात. लोखंडी खांब, गाड्या आणि विजेच्या तारांपासून लांब, बेल्टचं बक्कल आणि चाव्या पिशवीत ठेवून पहिली रीडिंग घ्यावीत. ऑक्टोबरमध्ये पाणी वर असताना त्याच खुणांवर दुसरी. पुढच्या वर्षी ज्युनिअर्सनी तिसरी आणि चौथी. वही दरवर्षी पुढच्या बॅचकडे द्यावी. दर वर्षी नवा प्रोजेक्ट विकत आणण्यापेक्षा एकच प्रोजेक्ट दहा वर्षं चालला, तर त्यातून खरंच काही निघेल. आणि जे निघेल ते खोडाळ्याच्या ग्रामपंचायतीत जाऊन मराठीत सांगायचं, ही अट.

यूटीएमवरचा रॉड दहा मिनिटांत तुटतो आणि आपण मोकळे होतो. डोंगराचा प्रयोग दहा वर्षांचा आहे. कोण कोण येतंय?